कानाचा पहारेकरी कोण?

चंदीगडला सुखना तलावावर पहाटे किंवा दिवस मावळताना गेलात, तर बांधावरच्या लांब पायवाटेवर शेकडो माणसे फेरफटका मारताना दिसतात. शिवालिकच्या टेकड्यांतून येणाऱ्या सुखना चो या ओढ्यावर १९५८ मध्ये बांध घालून हा तलाव करण्यात आला. शहराचा आराखडा करणाऱ्या ल कार्बुझिये यांनी तेव्हा दोन गोष्टींचा आग्रह धरला होता. बांधावरून गाड्या जाऊ द्यायच्या नाहीत आणि पाण्यात मोटारबोटी चालवायच्या नाहीत. तलावाकाठच्या शिलालेखाचा आशयही तोच आहे. शहराच्या दगदगीतून सुटून नागरिकांना निसर्गाचा आनंद शांततेत घेता यावा, म्हणून हा तलाव त्यांना दिलेला आहे. इतक्या वर्षांनंतरही ती शांतता तिथे बरीचशी टिकून आहे.

आता जरा त्या चालणाऱ्यांच्या कानांकडे पाहा. कितीतरी जणांच्या कानात काहीतरी खोचलेले असते. कोणी गाणी ऐकतो, कोणी बातम्या, कोणी शबद-कीर्तन. आपल्यापैकी कोणी तिथे असेल तर एखादे प्रवचन. बाहेरचा गोंगाट थांबवण्यासाठी एका मोठ्या वास्तुशिल्पज्ञाने नियम घातले, आणि आपण कानाच्या पडद्यापासून बोटाच्या एका पेराइतक्या अंतरावर आपला स्वतःचा गोंगाट घेऊन तिथे जातो. त्यात दोष काढण्यासाठी हे लिहीत नाही. प्रवचन ऐकत चालणे ही चांगलीच सवय आहे. प्रश्न पुढचा आहे.

आवाज वाढवत नेला की एका टप्प्यावर फोन अडतो. जास्त वेळ मोठ्या आवाजात ऐकल्यास श्रवणशक्तीला अपाय होऊ शकतो, अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते. तुम्ही काय करता? ‘ठीक आहे’वर बोट टेकवता आणि आवाज आणखी दोन घरे वर नेता. या सगळ्याला एक क्षणही लागत नाही, आणि आपण काही निर्णय घेतला असे आपल्याला वाटतही नाही.

या सूचनेचा अनेकांना राग येतो. फोन माझा, पैसे माझे, कानही माझेच. मग मला थांबवणारा हा कोण? काहींचे म्हणणे असे, की ही सूचना कायमची बंद करण्याची सोय प्रत्येकाला हवी. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, माणसाला कळत असते तर सूचना लागलीच नसती, म्हणून ती बंद करताच येऊ नये. साधकाला हा प्रश्न आपला वाटायला हवा. इंद्रिये कोणाच्या ताब्यात असावीत, हा आपल्या परंपरेतला फार जुना प्रश्न आहे. कठोपनिषदात इंद्रियांना घोडे म्हटले आहे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी. आता त्या रथावर फोन नावाचा एक जण येऊन बसला आहे आणि अधूनमधून लगामाला हात घालतो आहे. त्याला बसू द्यायचे की उतरवायचे?

रागावलेल्या माणसाची बाजू आधी नीट ऐकू या, कारण तिच्यात तथ्य आहे. फोन तुमचा कान मोजत नाही. तो स्वतः किती जोराने आवाज पाठवतो आहे, त्यावरून अंदाज बांधतो. तुम्ही फोनची वायर गाडीतल्या स्टिरिओला किंवा सभागृहातल्या ॲम्प्लिफायरला जोडली, तर अनेक फोन त्यालाही हेडफोनच समजतात. भजन ऐन रंगात आलेले असताना आवाज एकदम खाली येतो, आणि लावणाऱ्याला धावत जाऊन बटण दाबावे लागते. जुन्या ध्वनिफितीवरून उतरवलेले एखादे प्रवचन मुळातच इतके हळू असते, की आवाज पूर्ण वाढवल्याशिवाय शब्द कळत नाहीत. फोनच्या लेखी मात्र पूर्ण वाढवला म्हणजे धोका. पहारेकरी असा वारंवार चुकीच्या माणसाला अडवू लागला, की लोक त्याच्याकडे पाहणे सोडून देतात. खऱ्या धोक्याच्या वेळचे त्याचे ओरडणेही मग वाया जाते. सूचना न वाचता पुढे जाण्याची आपली सवय निम्मी तरी अशा अस्थानी सूचनांनी लावलेली आहे, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने. चंदीगडमध्येच असलेल्या पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये आवाजाविषयी एक कडक आदेश दिला. लेखी परवानगीशिवाय दिवसाही ध्वनिक्षेपक लावायचा नाही, आणि त्यातून मंदिर, मशीद, गुरुद्वारा कोणीही सुटणार नाही. त्या आदेशामागचा न्याय आपल्याला चटकन पटतो. माझ्या भक्तीचा त्रास शेजारच्या आजारी माणसाला किंवा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला होता कामा नये. पण हेडफोनने तर शेजाऱ्याची सुटकाच केली! जो आवाज गल्लीभर जायचा तो एका माणसाच्या कानात मावला. आता ज्याचा आवाज त्याचाच कान. मग इथे नियम कशाला?

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८५९ मध्ये स्वातंत्र्यावर पुस्तक लिहिले. त्यात एका पुलाचे उदाहरण आहे. पूल मोडकळीस आला आहे आणि एक माणूस त्यावर पाऊल टाकण्याच्या बेतात आहे. सांगायलाही वेळ नसेल तर त्याला धरून मागे ओढले तरी त्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाही, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छा नव्हतीच. पण पूल पडेलच अशी खात्री नसेल, फक्त धोका असेल, तर त्याला धोका सांगावा आणि पुढचे त्याच्यावर सोडावे. बळाने अडवू नये. मूल असेल किंवा भान हरपलेला माणूस असेल, तर गोष्ट वेगळी. हा विचार आपल्यालाही मानवण्यासारखा आहे. कोणाला बळाने चांगले करता येत नाही, हे आपण सत्संगात अनेकदा ऐकलेले असते.

या हिशेबाने फोनने सूचना द्यावी आणि बाजूला व्हावे. इतके सोपे असते तर लेख इथेच संपला असता. पण कान हा पुलासारखा नाही, आणि खरी अडचण तिथे आहे.

आपल्या आतल्या कानात शंखासारखा एक वळलेला भाग असतो. त्यात प्रत्येक कानाला सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी या पेशी हलतात आणि त्या हालचालीचा संदेश मेंदूकडे जातो. एकदा त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. चटका बसला की हात आपोआप मागे येतो, डोळ्यांवर प्रखर प्रकाश आला की पापणी मिटते. पण रोज दोन-तीन तास मोठ्या आवाजात ऐकल्याने कान दुखत नाही. कानाला पापणीही नाही. इजा होते आणि वेदना होत नाही.

त्याहून महत्त्वाचे असे, की मोठ्या आवाजात काही वेळ राहिल्यावर कानाची संवेदना तात्पुरती बोथट होते. मिरवणुकीतून किंवा लग्नाच्या डीजेसमोरून घरी आल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटतात, बारीक शिटी वाजत राहते, घरच्यांचे बोलणे दुरून आल्यासारखे वाटते. अनुभव असेलच. हेडफोन लावलेला असतानाही कमी प्रमाणात हेच होऊ शकते. पहिल्या गाण्याला पुरेसा वाटलेला आवाज दहाव्या गाण्याला कमी वाटतो. म्हणून आपण तो वाढवतो. म्हणजे आवाज किती असावा याचा निवाडा ज्याच्याकडे सोपवला, त्या न्यायाधीशालाच आवाजाने गुंगी आणलेली असते. पुलावरच्या माणसाला निदान पायाखालची फळी हलताना कळते. इथे फळी जितकी कुजावी तितकी ती घट्ट वाटू लागते.

डेसिबलचा हिशेबही मनाला फसवणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घातलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे. मुलांसाठी आणि नाजूक कानांसाठी ती ७५ डेसिबलला ४० तास. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि वेळ निम्मा. ९० डेसिबलला आठवड्यात जेमतेम चार तास उरतात, आणि १०० डेसिबलला वीस-पंचवीस मिनिटे. ८० आणि ९० यांत आपल्या मनाला दहाचा फरक दिसतो. कानाला तो दसपट असतो.

मग ‘कान माझे आहेत’ या वाक्यातला ‘मी’ कोणता, हे विचारावे लागते. सकाळी ताज्या मनाने बसलेला मी, की बसमध्ये इंजिनाच्या घरघरीत, चौथ्या गाण्यावर, ताल चढलेला मी? दोघांना एकच नाव असले तरी दोघांची इच्छा एक नसते. उपवासाच्या आदल्या रात्री संकल्प करणारे मन आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातून वास आल्यावर चाळवणारे मन, यांतला फरक आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. व्रताची सारी रचनाच या ओळखीवर उभी आहे. शांत घटकेतल्या मनाने अशांत घटकेतल्या मनाला आधीच बांधून ठेवायचे. त्या बांधण्याला कोणी गुलामी म्हणत नाही. कोणी सासूच्या धाकाने धरलेल्या उपवासाला मात्र, खरे सांगायचे तर, म्हणता येते.

म्हणून मला वाटते, नियंत्रण वापरणाऱ्याच्याच हाती असावे, पण ते योग्य वेळी वापरावे. ऐकण्याच्या मध्येच ‘ठीक आहे’ दाबणे हे नियंत्रण म्हणण्याच्या योग्यतेचे नाही. तिथे बोट चालते, बुद्धी चालत नाही. हेडफोन कानात नसताना, फोन हातात घेऊन, शांतपणे सेटिंगमध्ये जाऊन स्वतःची मर्यादा स्वतः ठरवणे हे नियंत्रण. आयफोनमध्ये मोठे आवाज ठरावीक डेसिबलच्या आत ठेवण्याची सोय २०२० पासून आहे. अनेक अँड्रॉइड फोनांतही हेडफोनच्या आवाजाची कमाल पातळी बांधून ठेवता येते. तुमच्या फोनमध्ये ती सोय ‘ध्वनी’ किंवा ‘आवाज’ या विभागात सापडेल. पाच मिनिटांचे काम आहे. त्यानंतर फोन जेव्हा आवाज वर जाऊ देत नाही, तेव्हा तो कंपनीचा किंवा सरकारचा हुकूम बजावत नसतो. तुम्हीच सकाळी सांगून ठेवलेले तो संध्याकाळी पाळत असतो. रथावर त्याने बसावे, पण सारथ्याच्या सांगण्यावरून.

कंपन्यांवर आणि कायद्यावर हे सोडले की काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. २००६ मध्ये अमेरिकेत आयपॉडविरुद्ध खटला दाखल झाला. हे यंत्र ११५ डेसिबलपर्यंत वाजू शकते, म्हणून ते सदोष आहे, अशी तक्रार होती. त्याच वर्षी मार्चमध्ये ॲपलने आवाजाला मर्यादा घालण्याची सोय आणली आणि पालकांना ती मर्यादा आकड्यांच्या कुलपाने बंद करण्याची व्यवस्थाही दिली. खटला मात्र २००९ च्या अखेरीस अपिलात फेटाळला गेला. तक्रारदारांनी आपल्या कानाला प्रत्यक्ष इजा झाल्याचे म्हटलेच नव्हते, यंत्र मोठ्याने लावले तर इजा होऊ शकेल एवढेच म्हटले होते. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पण ज्या इजेचे स्वरूपच असे की ती झाल्यावर वर्षांनी कळते, तिची तक्रार वेळेवर कोण कशी करणार?

युरोपने दुसरी वाट धरली. तिथल्या मानकानुसार २०१३ पासून नव्या यंत्रांचा आवाज सुरुवातीला ८५ डेसिबलवर थांबतो. वापरणाऱ्याने समजून-उमजून परवानगी दिली तर तो १०० पर्यंत नेता येतो, आणि ऐकण्याच्या दर वीस तासांनंतर सूचना पुन्हा विचारते. पूर्ण बंदी नाही आणि मोकळे रानही नाही. कागदावर मला ही योजना उत्तम वाटते. प्रत्यक्षात त्या वीस तासांनंतरच्या प्रश्नालाही आपण न वाचताच उत्तर देणार असू, तर मानक काय करील? आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना लिहून कळवले, की इअरफोन-हेडफोन दिवसाला दोन तासांहून अधिक वापरू नयेत आणि आवाज ५० डेसिबलच्या आत असावा. हेतू चांगला आहे. पण ५० डेसिबल म्हणजे घरातले हळू बोलणे. धावत्या बसमध्ये तेवढ्या आवाजात काहीच ऐकू येणार नाही. त्यातून एक शहाणपण मात्र निघते. जिथे बाहेरच्या गोंगाटाशी स्पर्धा करावी लागते, तिथे ऐकूच नये, किंवा बाहेरचा आवाज कमी करणारे हेडफोन वापरून आतला आवाज खाली ठेवावा.

हुकमाने काय साधते आणि काय साधत नाही, याचा एक धडा चंदीगडच्याच रस्त्यावर आहे. दुचाकीवरच्या स्त्रियांना तिथे पूर्वी हेल्मेटची सक्ती नव्हती. जुलै २०१८ मध्ये प्रशासनाने नियम बदलला आणि पगडी बांधणाऱ्या शीख स्त्रिया सोडून सर्व स्त्रियांना हेल्मेट आवश्यक केले. त्यावर आक्षेप आले, आणि ऑक्टोबरमध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने सर्वच शीख स्त्रियांना सूट देण्यास प्रशासनाला सांगितले. या वादातला धर्माचा भाग त्या समाजाचा आहे, त्यावर मी बोलणार नाही. मला दिसते ते इतकेच, की डोक्यासारख्या नाजूक गोष्टीतही राज्याला शेवटी माणसाच्या अंतःकरणाशी बोलावे लागते. कानाच्या बाबतीत तर पोलीसही उभा नसतो. तिथे तुम्ही आणि तुमचे बोट, दोघेच.

मुलांचा विषय मात्र वेगळा आहे, आणि इथे मी कडक आहे. मिलनेही मुलांना आपल्या नियमातून वगळले होते. बारा वर्षांच्या मुलाला चाळिसाव्या वर्षीच्या कानाची कल्पना करता येत नाही, आणि ती त्याची चूक नाही. चंदीगडच्या सेक्टर ३४ मध्ये शिकवणी वर्गांची गर्दी आहे, पुण्या-लातुरातही आहे. आज ही मुले व्याख्याने फोनवर ऐकतात, मग विसाव्यासाठी गाणीही त्याच फोनवर ऐकतात. चार तास अभ्यासाचे आणि दोन तास विरंगुळ्याचे, कानाच्या लेखी सहा तास. आपल्या मुलाच्या फोनवरची मर्यादा तुम्ही ठरवा आणि तिला कुलूप घाला. पण ते लपूनछपून करू नका. त्याला शेजारी बसवून, आकडे समजावून, त्याच्यादेखत करा. आणि स्वतःच्या फोनवरही त्याच वेळी करा. आई-बाबांचा फोन मोकळा आणि आपलाच बांधलेला, असे दिसले की मुलाला त्यात फक्त सत्ता दिसते.

आपल्या साधकांत एक गोड गैरसमज आढळतो, त्याचाही उल्लेख करतो. भजन, मंत्र, ध्यानाचे संगीत यांनी कानाला काय होणार? केशपेशीला राग कळत नाही आणि भावही कळत नाही. तिच्यापर्यंत फक्त दाब पोहोचतो. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान दिले आहे. ज्या इंद्रियाला इतका मान, त्याची राखण करणे हा त्या भक्तीचाच भाग मानायला हरकत नसावी. शिवाय मोठ्या आवाजाने आधी जातात ते उंच पट्टीचे ध्वनी. मराठीत बोलायचे तर ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने आधी धूसर होतात. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाही. ‘ऐकू येते, पण काय म्हणता ते समजत नाही’ असे म्हणणारे वडीलधारे तुमच्याही घरात असतील. कितीही मोठ्याने सांगितले तरी त्यांना ते गवसत नाही, आणि हळूहळू ते बोलण्यातूनच अंग काढून घेतात.

अशा वडीलधाऱ्यांसाठी फोनची सूचना ही अडचणच आहे. आजोबांना नातवाचा निरोप ऐकायचा आहे, आवाज पुरत नाही, आणि फोन त्यांना धोक्याची भीती घालतो. त्यांना ती मर्यादा उठवण्याची मुभा हवीच. ज्या फोनमध्ये ती उठवता येत नाही, तो फोन त्यांच्याशी अन्याय करतो. फक्त मर्यादा उठवण्याआधी त्यांना एकदा कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन श्रवण तपासून घ्या. पूर्ण आवाजावर लावलेला इअरफोन सगळेच ध्वनी सारखे वाढवतो, उरलेल्या केशपेशींवर आणखी भार टाकतो. नीट बसवलेले श्रवणयंत्र जे ध्वनी गेले आहेत तेवढेच उचलून देते. ते घालायला बरेच आजोबा नाही म्हणतात, चारचौघांत लाज वाटते म्हणतात. तेव्हा त्यांच्यावर ओरडू नका. समोर बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश बोला. दोन-तीनदा बोलावे लागेल.